दोंडाईचात कोळसा येणार होता, ठरलं ऊन: विजेचा अंदाज चुकला की किंमत कोण मोजतं?

धुळे जिल्ह्यातला शिंदखेडा तालुका. उत्तरेला तापी, मधून जाणारा सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग, कपाशीची शेतं आणि दोंडाईचाचा मिरचीचा बाजार. पाऊस बेताचा, उन्हाळा मात्र भरपूर. याच तालुक्यात दोंडाईचाजवळच्या मेथी आणि विखरण या गावांच्या शिवारात राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा, म्हणजे महानिर्मितीचा, एक प्रचंड औष्णिक प्रकल्प होणार होता. प्रत्येकी 660 मेगावॉटचे पाच संच, एकूण 3,300 मेगावॉट.

तो प्रकल्प झाला नाही. त्यासाठी जमिनी मात्र घेतल्या गेल्या. पुढे कोळसा मागे पडला आणि त्याच जागी सौरऊर्जा आणायचं ठरलं. केंद्र सरकारच्या सोलर पार्कच्या यादीत दोंडाईचाच्या नावापुढे 250 मेगावॉट असा आकडा आहे.

जगाला 2050 मध्ये किती ऊर्जा लागेल आणि त्यातून किती कार्बन हवेत जाईल, याचे आलेख दरवर्षी प्रसिद्ध होतात. ते वाचताना हा विषय पॅरिस, दुबई किंवा न्यूयॉर्कचा वाटतो. प्रत्यक्षात अशा आलेखातली एक रेघ थोडी वर सरकली की कुठल्यातरी तालुक्यातल्या सातबाऱ्यावर नोंद पडते. ती रेघ नंतर खाली आली, तरी सातबारा आपोआप पूर्वीसारखा होत नाही. शिंदखेड्यात नेमकं हेच घडलं.

3,300 मेगावॉटची गरज वाटली कशी?

त्यासाठी 2005 ते 2012 चा महाराष्ट्र आठवावा लागेल. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला होता. नवे प्रकल्प पुरेसे आले नव्हते, मागणी मात्र वाढतच होती. ग्रामीण भागात बारा-बारा तास लोडशेडिंग. दळण कधी दळायचं, मोटर कधी लावायची, परीक्षेचा अभ्यास कधी करायचा, सगळं वेळापत्रक वीज ठरवायची. खानदेशातल्या आजच्या तिशीतल्या कुणालाही विचारा, दहावीचा अभ्यास कंदिलावर की इन्व्हर्टरवर झाला हे त्यांना नक्की आठवत असेल.

अशा वेळी सरकारने मोठे प्रकल्प आखणं स्वाभाविक होतं. भुसावळजवळ दीपनगरला 500 मेगावॉटचे दोन संच याच काळात उभे राहिले आणि 2012 च्या सुमारास सुरू झाले. दोंडाईचाचा आराखडाही त्याच काळातला.

किती वीज लागेल हे ठरवण्याचं देशातलं अधिकृत काम केंद्रीय वीज प्राधिकरणाकडे आहे. दर काही वर्षांनी ते वीज सर्वेक्षणाचा अहवाल काढतं. 2011 च्या अठराव्या सर्वेक्षणाने सांगितलं होतं की 2021-22 मध्ये देशाची कमाल मागणी सुमारे 2 लाख 83 हजार मेगावॉट होईल. 2017 मध्ये एकोणिसावं सर्वेक्षण आलं. त्याने त्याच वर्षासाठीचा आकडा सुमारे 2 लाख 26 हजारांवर आणला. आणि प्रत्यक्षात 2021-22 उजाडलं तेव्हा कमाल मागणी होती सुमारे 2 लाख 3 हजार मेगावॉट.

पहिल्या अंदाजात आणि वास्तवात 80 हजार मेगावॉटचा फरक. म्हणजे दोंडाईचाएवढे 24 प्रकल्प. कोरोनाने मागणीला धक्का दिला हे खरं, पण 2017 चा अहवाल आला तेव्हा कोरोना नव्हता. अंदाज त्याआधीच उतरला होता.

अंदाज इतका कसा चुकतो?

यामागचं गणित व्याजावर व्याज लावण्यासारखं आहे. आज 100 युनिट लागत असतील आणि मागणी दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तर दहा वर्षांनी 216 युनिट लागतील. वाढ 5 टक्के धरली तर 163. फरक फक्त तीन टक्क्यांचा, पण दहा वर्षांत तो 53 युनिटचा होतो. तीस वर्षांचा अंदाज असेल तर विचारायलाच नको.

वाढीचा दर ठरतो कशावरून? ऊर्जा आणि कार्बनच्या अभ्यासात यासाठी चार गोष्टींचा गुणाकार करतात. लोक किती, माणशी उत्पन्न किती, एक रुपया कमावायला ऊर्जा किती लागते आणि एक युनिट ऊर्जेमागे कार्बन किती निघतो. जपानी अर्थतज्ज्ञ योइची काया यांच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. पहिल्या दोन गोष्टी वाढत राहतात. पुढच्या दोन कमी करता येतात, पण किती वेगाने हे आधी कुणालाच नीट सांगता येत नाही. अंदाज बहुतेकदा इथेच फसतात.

साध्या दिव्याचं उदाहरण घ्या. जानेवारी 2015 मध्ये केंद्राने स्वस्त एलईडी बल्बची उजाला योजना सुरू केली. त्यातून 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. ज्या उजेडासाठी 60 वॉटचा पिवळा बल्ब लागायचा, तो 9 वॉटमध्ये मिळू लागला. घरातला उजेड तेवढाच राहिला, वीज मात्र सहापट कमी लागू लागली. 2011 च्या अंदाजाला हा बदल दिसणं कठीण होतं.

त्याच काळात वीज वितरण कंपन्या कर्जात बुडाल्या होत्या. मागणी असली तरी वीज विकत घ्यायला त्यांच्याकडे पैसे नसायचे. उद्योगांची वाढही अपेक्षेइतकी झाली नाही. परिणाम कोळशाच्या प्रकल्पांवर दिसला. 2009-10 मध्ये देशातले औष्णिक प्रकल्प क्षमतेच्या सरासरी 77 टक्के चालत होते, 2019-20 मध्ये हे प्रमाण 56 टक्क्यांवर आलं. मार्च 2018 मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडचणीतल्या 34 औष्णिक प्रकल्पांची यादी मांडली, त्यांची क्षमता सुमारे 40 हजार मेगावॉट होती. त्यात अडकलेला पैसा बँकांचा, म्हणजे शेवटी ठेवीदारांचा.

दुसरी चूक उलट्या दिशेची होती. सौरऊर्जा इतकी स्वस्त होईल असं जवळपास कुणालाच वाटलं नव्हतं. 1974 मध्ये तेलसंकटानंतर स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था, आयईए, जगात या अंदाजांची सर्वात मोठी अधिकारी मानली जाते. तिचे सौरऊर्जेचे अंदाजही वर्षानुवर्षं कमीच ठरत गेले. भारतात 2010 च्या लिलावांमध्ये सौर विजेचा दर युनिटला 11-12 रुपयांच्या आसपास होता. मे 2017 मध्ये राजस्थानातल्या भादला इथे तो 2 रुपये 44 पैसे निघाला. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात 1 रुपया 99 पैसे.

मागणीचा अंदाज जास्त निघाला, सौर विजेचा भाव अंदाजापेक्षा कितीतरी खाली आला. या दोन चुकांच्या मध्ये दोंडाईचाचा कोळसा सापडला.

धर्मा पाटील यांचं शेत

अंदाज कागदावर दुरुस्त करता येतो. विखरणमध्ये ते इतकं सोपं नव्हतं.

धर्मा पाटील हे विखरणचे शेतकरी, वयाची ऐंशी गाठलेले. त्यांची सुमारे पाच एकर जमीन या प्रकल्पासाठी गेली. शेतात आंब्याची झाडं होती, विहीर होती. मोबदला मिळाला सुमारे 4 लाख रुपये. आपल्या बागायतीचं मूल्यांकन नीट झालं नाही आणि शेजारच्या, कमी जमीन असलेल्या शेतकऱ्याला कोटीच्या पुढे रक्कम मिळाली, अशी त्यांची तक्रार होती. ती घेऊन ते वेगवेगळ्या सरकारी कार्यालयांमध्ये फिरत राहिले. 22 जानेवारी 2018 रोजी त्यांनी मुंबईत मंत्रालयात विष घेतलं. 28 जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

राज्यभर संताप उसळला. विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं, सरकारने फेरमूल्यांकनाचं लेखी आश्वासन दिलं. नंतर वाढीव मोबदल्याचा 50 लाखांहून अधिकचा आकडा जाहीर झाला. पहिल्या रकमेच्या दहापटीहून जास्त. पहिलं मूल्यांकन किती काळजीपूर्वक झालं होतं, हे यावरून वाचकाने ठरवावं.

या प्रकरणाची चर्चा तेव्हा मोबदल्यातली तफावत, दलाल आणि प्रशासनाची बेफिकिरी याभोवती झाली, आणि ते योग्यच होतं. पण त्याची एक बाजू मागे राहिली. ज्या कोळशाच्या प्रकल्पासाठी ही जमीन घ्यायची ठरली, त्याची गरज वाटली ती 2010 च्या आसपासच्या अंदाजामुळे. तो अंदाज चुकल्यावर सरकारला दुसरा प्रकल्प निवडता आला, वित्तसंस्थांना कर्जाची फेररचना करता आली. ज्याची जमीन गेली त्याच्याकडे असा पर्याय नव्हता.

कोळसा झाला असता तर?

मग कोळशाचा प्रकल्प न झाल्याचा फायदा किती? एक ढोबळ हिशेब करून पाहू.

3,300 मेगावॉटचा प्रकल्प क्षमतेच्या 75 टक्के चालला असता, तर वर्षाला सुमारे 2,170 कोटी युनिट वीज निघाली असती. आधुनिक संचात एका युनिटमागे साधारण 0.9 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला जवळपास 2 कोटी टन. तीस वर्षं चालला असता तर 60 कोटी टन. भारताचं ऊर्जेतून होणारं उत्सर्जन वर्षाला 300 कोटी टनांच्या आसपास आहे. म्हणजे एकट्या दोंडाईचाने देशाच्या आजच्या अडीच महिन्यांच्या उत्सर्जनाइतका कार्बन हवेत सोडला असता.

कोळसा लागला असता वर्षाला सुमारे दीड कोटी टन. तो वाहून आणायला रोज दहा-अकरा मालगाड्या, त्याही गर्दीच्या सुरत-भुसावळ मार्गावर. आणि पाणी? नव्या संचांसाठीच्या मर्यादेनुसार दर हजार युनिटला 3 घनमीटर धरलं, तरी वर्षाला साडेसहा कोटी घनमीटर, म्हणजे सव्वादोन टीएमसीच्या आसपास. अवर्षणप्रवण तालुक्यात हे पाणी तापीतूनच आलं असतं आणि शेतीच्या पाण्याशी त्याची स्पर्धा झाली असती.

आता दुसरी बाजू. 250 मेगावॉटच्या सौर प्रकल्पातून वर्षाला साधारण 44 कोटी युनिट मिळतात. कोळशाच्या प्रकल्पाने दिली असती त्याच्या जवळपास पन्नासाव्या भागाइतकी वीज. तेवढीच वीज सौर पॅनलमधून हवी असेल तर 12 हजार मेगावॉटहून मोठा प्रकल्प लागेल. एका मेगावॉटला चार-पाच एकर धरले, तर 50 ते 60 हजार एकर जमीन. सुमारे 15 किलोमीटर लांब आणि 15 किलोमीटर रुंद असा तुकडा.

सौर वीज धूर सोडत नाही, पाणीही फारसं मागत नाही. ती जमीन मागते. हवामानाच्या जागतिक चर्चेत या वाक्याला फार कमी जागा मिळते. विखरणला ते आधीच कळलेलं आहे.

मागणी वाढणार, हे नक्की

2011 चा अंदाज फुगलेला होता म्हणून आजचेही अंदाज फुगलेलेच असतील, असं समजणं धोक्याचं आहे. 30 मे 2024 रोजी देशाची कमाल मागणी 2 लाख 50 हजार मेगावॉटवर गेली. उष्णतेची लाट होती, घरोघरी कूलर आणि एसी चालू होते. विसावं वीज सर्वेक्षण 2031-32 साठी सुमारे 3 लाख 66 हजार मेगावॉट सांगतं.

भारतात माणशी वीजवापर वर्षाला सुमारे 1,400 युनिट आहे. अमेरिकेत 12 हजारांच्या वर. कार्बनचंही तसंच. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे 2 टन, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या जवळ, अमेरिकी माणसामागे 14 टनांच्या आसपास. शिंदखेड्यातल्या घरात पहिला फ्रिज आला, मुलाच्या खोलीत कूलर लागला, तर त्याला उधळपट्टी म्हणता येणार नाही. 43-44 अंशांच्या मे महिन्यात तर नाहीच.

शेतीचंही तेच. तालुक्याची मोठी आशा असलेली सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजना तापीचं पुराचं पाणी उचलून आणण्यासाठी आहे. तिचं भूमिपूजन फेब्रुवारी 2019 मध्ये झालं. पाणी उचलायचं म्हणजे वीज आली. एक टीएमसी पाणी शंभर मीटर वर चढवायला साधारण एक कोटी युनिट लागतात. दुष्काळी भागाला पाणी हवं असेल तर विजेची मागणी वाढणारच.

जगभर असंच सुरू आहे. आयईएच्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये जगाची ऊर्जेची मागणी 2.2 टक्क्यांनी वाढली, विजेची 4.3 टक्क्यांनी. ऊर्जेतून होणारं कार्बन उत्सर्जन 3,780 कोटी टनांच्या विक्रमी पातळीवर गेलं. सौर आणि पवन ऊर्जा विक्रमी वेगाने वाढत असतानाही हे झालं. नवी स्वच्छ वीज आजवर बहुतांशी वाढीव मागणी भागवण्यात खर्च होते आहे. जुना कोळसा जागेवरून हलायचा असेल तर स्वच्छ विजेला मागणीपेक्षा जास्त वेगाने वाढावं लागेल. 2023 मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत देशांनी 2030 पर्यंत जगाची अपारंपरिक ऊर्जेची क्षमता तिप्पट करायचं ठरवलं, ते यासाठीच.

भारतात 2025 च्या मध्यावर एकूण वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. बातमी खरी, पण अर्धी. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही 70 टक्क्यांहून अधिक आहे. क्षमता म्हणजे किती वीज तयार होऊ शकते आणि निर्मिती म्हणजे किती झाली, या दोन शब्दांची गल्लत मथळ्यांमध्ये सर्रास होते.

फरक कुठून येतो ते संध्याकाळी कळतं. साडेसात वाजता सौर पॅनल शून्यावर असतं आणि घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही एकदम सुरू झालेले असतात. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पावसाळ्यातल्या वाऱ्यावर जोरात फिरतात, इतर महिन्यांत त्यांचा भरवसा कमी. मग दीपनगर धावतं. तिथे 660 मेगावॉटचा आणखी एक संच उभारला गेला तो याच हिशेबाने. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, पण संध्याकाळचा सगळा भार पेलण्याइतक्या अजून नाहीत. त्यामुळेच 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य जाहीर केलेल्या केंद्र सरकारने 2031-32 पर्यंत कोळशाची किमान 80 हजार मेगावॉट नवी क्षमता जोडायचंही ठरवलं आहे.

80 हजार. मागच्या अंदाजात चूक झाली होती तीही एवढ्याचीच. हा योगायोग आहे, पण नव्या प्रकल्पांसाठी जमीन मोजायला येणाऱ्यांनी तो लक्षात ठेवायला हरकत नाही.

विकत की भाड्याने?

एक गोष्ट मात्र बदलली आहे. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 2023 मध्ये सुरू झाला. त्यात शेतीच्या फीडरसाठी गावाजवळच, वीज उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत, छोटे सौर प्रकल्प उभारले जातात. लक्ष्य आहे 16 हजार मेगावॉटचं. हेतू असा की शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी. आठवड्यातल्या रात्रपाळीला बिबट्या आणि सापाच्या भीतीत पाणी भरणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको.

इथे खासगी जमीन विकत घेतली जात नाही. ती भाड्याने घेतली जाते. दर आहे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी 50 हजार, आणि त्यावर दरवर्षी 3 टक्के वाढ. पाच एकराचे पहिल्या वर्षी अडीच लाख होतात. दोन वर्षांचं भाडं धर्मा पाटील यांना कायमच्या मोबदल्यात मिळालेल्या पहिल्या रकमेपेक्षा जास्त भरतं.

यातही प्रश्न आहेत. ज्याच्या नावावर जमीन त्याला भाडं मिळेल, पण त्या शेतावर मजुरी करणाऱ्यांचं काय? 3 टक्के वाढ महागाईला पुरेल का? प्रकल्प चालवणारी कंपनी मध्येच बुडाली तर पॅनल आणि काँक्रीट कोण उचलणार? सही करण्याआधी हे मुद्दे करारनाम्यात शोधायला हवेत, आणि सापडले नाहीत तर लिहून घ्यायला हवेत.

तरी एक मोठा फरक उरतोच. भाडेकरारात सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. पंचवीस वर्षांनी तंत्रज्ञान बदललं, मागणी कमी निघाली किंवा आणखी स्वस्त काही आलं, तर जमीन मालकाकडे परत येते. आज केलेला करार 2050 च्या आसपास संपेल. ऊर्जेचे बहुतेक जागतिक आलेखही त्याच वर्षापर्यंतचे असतात.